कंपायलरसाठी स्वयंचलित बिल्ड टेस्टिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुक्त स्रोत कंपायलर (सोर्स कोडचा मशीन कोड करणारा प्रोग्रॅम), असेंब्लर, लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा) किंवा डीबगरच्या प्रकल्पाला आपलं मशीन द्यावं, त्यावर दर कमिटला (कोडमध्ये नोंदवलेल्या प्रत्येक बदलाला) बिल्ड आणि टेस्ट चालाव्यात, असं वाटणारे लोक जे प्रश्न सतत पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांनी आहे, पुढे अडचणीचे येतात. उदाहरणं बहुतेक जीसीसी आणि एलएलव्हीएम या दोन मोठ्या मुक्त स्रोत कंपायलर प्रकल्पांची आहेत, पण लहान कंपायलरलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

१. स्वयंचलित बिल्ड टेस्टिंग म्हणजे नेमकं काय? आणि कंपायलरसाठी त्यात वेगळं काय?

कोणी कोड टाकला की एखाद्या मशीनने तो आपोआप उतरवून घ्यायचा, बिल्ड करायचा, टेस्ट चालवायच्या आणि निकाल योग्य माणसापर्यंत पोचवायचा. इतर सॉफ्टवेअरमध्येही हेच करतात.

फरक असा की बहुतेक प्रोग्रॅमची चूक त्याच प्रोग्रॅममध्ये दिसते. कंपायलरची चूक दुसऱ्या कोणाच्या तरी प्रोग्रॅममध्ये दिसते, आणि तो बिचारा स्वतःचाच कोड पुन्हा पुन्हा वाचत बसतो. शिवाय कंपायलर तीन बाजूंनी बदलतो: तो कोणत्या मशीनवर चालतो, कोणत्या मशीनसाठी कोड काढतो आणि ऑप्टिमायझेशनची कोणती पातळी लावली आहे. एक्स८६-६४ (नेहमीच्या पीसीचा प्रोसेसर) वर सगळं हिरवं, म्हणजे पास, असताना बिग-एंडियन (आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या) एस३९०एक्स प्रोसेसरवर तोच पॅच (कोडमधला बदल) चुकीचा कोड काढू शकतो. पॅच लिहिणाऱ्याकडे सगळी मशीनं असणं शक्य नाही, म्हणून वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी मशीनं लावायची.

२. माझ्याकडे एकच साधं मशीन आहे. त्याचा काही उपयोग होईल का?

होईल, फक्त कशासाठी ते आधी ठरवा. एलएलव्हीएमच्या पूर्ण डीबग बिल्डला (चुका शोधायची माहिती सोबत ठेवणारा बिल्ड) १५ ते २० जीबी डिस्क सहज लागते, आणि कमी मेमरीच्या मशीनवर लिंकिंगलाच दम लागतो. असं असेल तर एकाच टार्गेटचा (ज्या मशीनसाठी कोड काढायचा त्याचा) रिलीज बिल्ड करा, किंवा बायनयुटिल्ससारखा (असेंब्लर, लिंकर वगैरे साधनं) हलका प्रकल्प घ्या.

मशीनचा वेग दुय्यम आहे. आधी हे बघा की तुमच्यासारखी जुळणी आणखी कोणी चालवतंय का. लिनक्स, एक्स८६-६४ आणि नेहमीचा होस्ट कंपायलर (मशीनवर आधीच असलेला, ज्याने बिल्ड करायचा तो) ही जुळणी डझनभर लोक चालवतात. त्याऐवजी ३२-बिट आर्म, रिस्क-फाइव्ह, एखादी बीएसडी, किंवा ग्लिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी वापरणारी लिनक्स असेल, तर दिवसाला चारच बिल्ड झाले तरी ते मोलाचे. अशा मशीनने पकडलेली चूक बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाला दिसलेलीच नसते.

३. बिल्डबॉट, गिटहब ॲक्शन्स, जेनकिन्स, गिटलॅब: कोणतं निवडू?

प्रकल्पाची आधीपासून एखादी यंत्रणा चालू असेल तर तिलाच जोडून घ्या. आपली स्वतंत्र यंत्रणा उभारलीत तर तिचे निकाल कोणी बघायला येत नाही.

एलएलव्हीएम आणि सोर्सवेअर (जिथे जीसीसी, बायनयुटिल्स आणि जीडीबी हा डीबगर आहेत) दोन्हीकडे बिल्डबॉट आहे. २००३ पासूनचं हे पायथनमधलं सॉफ्टवेअर. कामं वाटणारा एक मास्टर असतो, बाकी सगळे वर्कर, म्हणजे बिल्ड करणारी मशीनं. कनेक्शन वर्कर स्वतःहून मास्टरकडे उघडतो, त्यामुळे तुमचं मशीन राउटरच्या मागे असलं तरी बाहेरून पोर्ट उघडून द्यावा लागत नाही. हौशी माणसाच्या मशीनसाठी ही फार मोठी सोय आहे.

नवा, लहान प्रकल्प असेल तर गिटहब ॲक्शन्सने सुरुवात करा, अर्ध्या दिवसात काम होतं. पण गिटहबने दिलेल्या मशीनवर एक जॉब ६ तासांच्या वर चालत नाही. जीसीसीचा पूर्ण बूटस्ट्रॅप (कंपायलरने स्वतःलाच बिल्ड करणं, प्रश्न ८) आणि सगळ्या भाषांच्या टेस्ट तिथे बसवायला गेलात की हे कुंपण लगेच आडवं येतं. जेनकिन्स सगळं करू शकतं, पण त्याची प्लगइनं सांभाळायला कोणीतरी कायमचं लागतं. तसं माणूस नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

४. पहिला बिल्ड उभा करताना काय क्रमाने करू?

मास्टरला जोडायची घाई करू नका. आधी हाताने करा.

मशीनवर या कामासाठी वेगळा युजर काढा, त्याला ॲडमिनचे अधिकार देऊ नका. सोर्स एका फोल्डरमध्ये आणि बिल्ड दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा. जीसीसीचे लेखक सोर्सच्या आतच बिल्ड करू नका असं स्पष्ट सांगतात, आणि एलएलव्हीएमचं सीमेक (बिल्डची मांडणी करणारं साधन) तर ते करूच देत नाही. जीसीसीला जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या अंकगणिताच्या लायब्रऱ्या लागतात. सोर्सच्या कॉन्ट्रिब फोल्डरमध्ये त्या उतरवून देणारी स्क्रिप्ट आहे. तीच वापरा, म्हणजे डिस्ट्रिब्युशनने परस्पर लायब्ररी बदलली तरी तुमचा बिल्ड हलणार नाही.

मग होस्ट कंपायलर, सीमेक, निंजा (बिल्डची कामं चालवणारं साधन), पायथन यांची आवृत्ती लिहून ठेवा आणि गोठवा. भाषा आणि वेळेचा विभाग स्क्रिप्टमध्येच ठरवून टाका, नाहीतर एरर मेसेजमधली अवतरणचिन्हं बदलली म्हणून टेस्ट फेल होताना बघाल.

यानंतर एकच कमिट घेऊन, फोल्डर दर वेळी पुसून, निदान दहा वेळा बिल्ड आणि टेस्ट चालवा. दहाही निकाल अक्षरशः सारखे आले पाहिजेत. हा टप्पा लोक गाळतात आणि नंतर महिनाभर खोट्या तक्रारींना उत्तरं देत बसतात. दहात एकदा जरी वेगळं आलं तर आधी प्रश्न ९ वाचा, मास्टर नंतर.

५. डीबग बिल्ड करू की रिलीज?

रिलीज, पण असर्शन चालू ठेवून. कंपायलरच्या आत हजारो ठिकाणी ‘इथे हे खरं असलंच पाहिजे’ अशा तपासण्या लिहिलेल्या असतात. त्या बंद असतील तर कंपायलर चुकीच्या अवस्थेतही गुपचूप पुढे जातो आणि चुकीचा कोड काढतो. चालू असतील तर तिथेच थांबून ओळ क्रमांक सांगतो. एलएलव्हीएममध्ये त्याचा सीमेक पर्याय आहे, जीसीसीमध्ये कॉन्फिगरला (बिल्डआधी चालवायची स्क्रिप्ट) चेकिंगचा पर्याय द्यायचा. जीसीसीच्या विकासशाखेत बऱ्याच तपासण्या मुळातच चालू असतात, प्रकाशित आवृत्तीत मात्र मोजक्याच.

६. बिल्ड मध्येच ‘किल्ड’ असं म्हणून थांबतो. कोडमध्ये चूक दिसत नाही. काय झालं?

बहुतेक वेळा मेमरी संपली. लॉगमध्ये शेवटी ‘सिग्नल ९’ दिसेल, कंटेनरमध्ये एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा) १३७ येईल (१२८ अधिक ९). कर्नलच्या लॉगमध्ये पाहिलंत तर त्याने कोणती प्रोसेस मारली हेही नावानिशी सापडतं, बहुतेकदा लिंकर.

कारण साधं आहे. निंजा मुळात कोअरच्या संख्येपेक्षा दोन जास्त कामं एका वेळी सुरू करतो. १६ कोअर असतील तर १८. एक फाइल कंपाइल करायला फारशी मेमरी लागत नाही, पण बिल्डच्या शेवटी क्लँग (एलएलव्हीएमचा सी/सी++ कंपायलर), ऑप्ट, एलएलसी आणि इतर बायनरी एकदम लिंकिंगला येतात, आणि डीबग माहितीसकट एकेक लिंकर कित्येक जीबी घेतो. १८ लिंकर आणि ३२ जीबी मेमरी हे गणित जमत नाही.

उपाय: एलएलव्हीएमच्या सीमेकमध्ये एका वेळी किती लिंक चालाव्यात याची मर्यादा घालता येते. दर लिंकला किती मेमरी धरायची हे सांगून संख्या त्यालाच काढायला लावता येते. दोन्ही पर्याय निंजासोबतच चालतात. डीफॉल्ट लिंकरऐवजी एलएलव्हीएमचा लिंकर एलएलडी वापरलात तर वेळ आणि मेमरी दोन्ही वाचतात. डीबग माहितीची गरज नसेल तर काढूनच टाका. स्वॅप वाढवून वेळ मारून नेता येते, पण मग बिल्ड इतका रखडतो की दुसरीच अडचण उभी राहते: बिल्डबॉटला एखाद्या टप्प्यात १२०० सेकंद काहीच आउटपुट दिसलं नाही तर तो टप्पा अडकला असं समजून तो बंद करतो. लॉग वाचताना हे दोन मृत्यू वेगळे ओळखा. पहिल्यात कर्नलने मारलं, दुसऱ्यात बिल्डबॉटने.

७. प्रकल्पाच्या टेस्ट आधीपासूनच फेल आहेत. मग माझा बिल्ड कायम लालच राहणार का?

प्रकल्पाची रीत कोणती त्यावर आहे. एलएलव्हीएममध्ये सगळ्या टेस्ट पास व्हायलाच हव्यात. जी होणार नाही हे माहीत आहे तिच्यावर तशी खूण करायची. एकही अनपेक्षित फेल आला तरी बिल्ड लाल.

जीसीसी, बायनयुटिल्स आणि जीडीबी यांच्या टेस्ट डेजाग्नू या साधनावर चालतात, आणि तिथे जवळजवळ प्रत्येक मशीनवर काही जुने फेल असतातच. त्यामुळे बघायचं ते फेलच्या संख्येकडे नाही, आधीच्या निकालाशी पडलेल्या फरकाकडे. जीसीसीच्या कॉन्ट्रिब फोल्डरमध्ये दोन निकालांची तुलना करणारी स्क्रिप्ट आहे. मेक चेक (टेस्टची कमांड) चालवताना ‘चालू ठेव’चा पर्याय द्या, नाहीतर पहिल्या भाषेच्या टेस्ट फेल झाल्या की पुढच्या भाषांना हातच लागत नाही.

डेजाग्नूच्या निकालांचे शब्द नीट समजून घ्या. एक्सफेल म्हणजे फेल होणार हे माहीत होतं आणि झालं. एक्सपास म्हणजे फेल व्हायला हवी होती ती पास झाली. ती आनंदाची बातमी असू शकते किंवा टेस्ट आता भलतंच काही तपासत असेल, दोन्ही शक्यता. अनरिझॉल्व्हड म्हणजे निकालच लागला नाही, बहुधा आधीची पायरी कोसळली.

आणि इथे एक खड्डा आहे ज्यात जवळजवळ सगळे एकदा पडतात. एखादी लायब्ररी सापडली नाही म्हणून हजार टेस्ट चालल्याच नाहीत, तर फेल शून्य दिसतात. बिल्ड हिरवा. म्हणून पास झालेल्या टेस्टची संख्या दर वेळी नोंदवा आणि ती अचानक घसरली तर तो बिल्ड फेल धरा. माझ्या देखरेखीखालचा एक वर्कर असा तीन आठवडे हिरवा होता आणि त्या काळात फोरट्रानची एकही टेस्ट चालली नव्हती. तेव्हापासून संख्येची ही तपासणी मी प्रत्येक वर्करवर सगळ्यात आधी लावतो.

८. जीसीसी स्वतःला तीनदा का बिल्ड करतं? मी दर कमिटला ते करायला हवं का?

पहिल्या फेरीत मशीनवरच्या जुन्या कंपायलरने नवा कंपायलर बिल्ड होतो. दुसऱ्या फेरीत त्या नव्याने स्वतःला पुन्हा बिल्ड करायचं. तिसऱ्यात, दुसऱ्या फेरीच्या कंपायलरने आणखी एकदा. दुसरी आणि तिसरी फेरी एकाच सोर्समधून, एकसारखं वागायला हव्या अशा दोन कंपायलरनी काढलेली असते, म्हणून दोन्हींच्या ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल होऊन निघालेल्या) तंतोतंत जुळल्या पाहिजेत. नाही जुळल्या तर कंपायलर चुकीचा कोड काढतोय किंवा त्याचं आउटपुट दर वेळी बदलतंय. कंपायलर हा स्वतःच एक प्रचंड, गुंतागुंतीचा प्रोग्रॅम असल्यामुळे तो स्वतःची फार चांगली टेस्ट ठरतो.

दर कमिटला याची गरज नाही. दर कमिटला बूटस्ट्रॅप बंद ठेवून जलद बिल्ड आणि रात्री एकदा पूर्ण बूटस्ट्रॅप, ही वाटणी बहुतेक मशीनना झेपते. क्लँगसाठी दोन फेऱ्यांचा बिल्ड रात्री लावा.

फायली जुळल्या म्हणजे कंपायलर निर्दोष, असं मात्र समजू नका. केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या, १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात दाखवलं की कंपायलरच्या बायनरीत दडवलेली लबाडी सोर्समध्ये काहीही न दिसता पिढ्यानपिढ्या पुढे जाऊ शकते. अशी बायनरी तीन फेऱ्यांची तुलना आरामात पार करते. ती शंका असेल तर वेगळ्याच घराण्यातल्या कंपायलरने पहिली फेरी करून शेवटचे निकाल ताडून पाहावे लागतात.

९. एकच टेस्ट कधी पास होते, कधी फेल. पुन्हा चालवली की हिरवी. तसंच सोडून देऊ का?

नको. इतर सॉफ्टवेअरमध्ये हा त्रास वाटतो, कंपायलरमध्ये ती बऱ्याचदा खरी चूक असते.

कंपायलरच्या आत एखादी यादी पॉइंटरच्या पत्त्यांनुसार लावलेली असेल आणि कोडने त्या यादीतून क्रमाने जाऊन काही ठरवलं, तर निकाल पत्त्यांवर अवलंबून राहतो. लिनक्स दर वेळी प्रोसेसला वेगळे पत्ते देतं. म्हणजे एकाच फाइलसाठी आज एक रजिस्टर, उद्या दुसरं. कोड दोन्ही वेळा बरोबर असेलही, पण आउटपुट बदलतं, फायलींची तुलना फसते आणि एखाद्याला चूक पुन्हा घडवून दाखवताच येत नाही. अशा चुका हुडकायला एलएलव्हीएममध्ये हॅश टेबलांमधून मुद्दाम उलट्या क्रमाने जाणारा एक बिल्ड पर्याय आहे. एखादा वर्कर त्यासाठी राखून ठेवला तर मोठं काम होतं.

दुसरी कारणं मशीनची असतात. दोन टेस्ट एकाच नावाची तात्पुरती फाइल लिहितात आणि समांतर चालताना एकमेकींच्या पायात पाय घालतात. मशीनवर भार आला की वेळेची मर्यादा ओलांडली जाते. एका वर्करवर रोज पहाटे दोन ते तीनच्या दरम्यान जीडीबीच्या वेगवेगळ्या टेस्ट फेल व्हायच्या. टेस्ट दर वेळी निराळी, वेळ तीच. शेवटी लॉगमधले वेळेचे ठसे एकाखाली एक मांडले तेव्हा दिसलं की त्याच मशीनवर दोन वाजता बॅकअप सुरू होतो आणि डिस्क गुदमरते. बॅकअपची वेळ बदलली, त्रास संपला. हे शोधायला मला बारा दिवस लागले, कारण पहिले अकरा दिवस मी टेस्टचाच कोड वाचत होतो.

म्हणून फेल झालेली टेस्ट पुन्हा चालवायची असेल तर चालवा, पण पहिला निकाल मिटवू नका, दोन्ही नोंदवा. खरोखर डळमळीत टेस्ट असेल तर तिच्यासाठी बग नोंदवून, त्या बगचा क्रमांक लिहून, ती बाजूला काढा. बगशिवाय बाजूला काढलेली टेस्ट परत कधीच येत नाही.

१०. बिल्ड मोडला आणि यादीत चाळीस कमिट आहेत. दोष कोणाचा ते कसं शोधू?

गिट बिसेक्टने, आणि हाताने नाही तर स्क्रिप्ट देऊन. दर पायरीला उरलेले कमिट निम्मे होतात, त्यामुळे चाळीससाठी सहा पायऱ्या पुरतात आणि हजार असले तरी दहा.

स्क्रिप्टचा एक्झिट कोड ० आला तर कमिट चांगला, १ ते १२७ मधला कोणताही आला तर वाईट. अपवाद १२५, त्याचा अर्थ ‘हा कमिट तपासता येत नाही, पुढे चल’. बिल्डच होत नसेल तर १२५ द्या, नाहीतर भलत्याच कारणाने मोडलेला कमिट गुन्हेगार ठरेल. कंपायलरच्या बाबतीत एक खास अडचण येते: ज्या चुकीमागे तुम्ही आहात ती कंपायलर कोसळण्याचीच असेल तर एक्झिट कोड १३४ किंवा १३९ येतो, आणि १२८ किंवा त्यावरचा कोड आला की बिसेक्ट तिथेच काम सोडून देतो. म्हणून स्क्रिप्टच्या शेवटी प्रत्येक अपयशाचा कोड १ करून टाका.

बिसेक्टआधी तोच कमिट त्याच मशीनवर पुन्हा एकदा बिल्ड करून बघा. चूक डळमळीत असेल तर बिसेक्ट पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचं नाव सांगतो.

११. फेल झाल्यावर मेल कोणाकोणाला जावा?

सुरुवातीला फक्त तुम्हाला. एलएलव्हीएममध्ये नवा वर्कर आधी स्टेजिंग मास्टरला जोडतात, तिथून कमिट करणाऱ्यांना मेल जात नाहीत. काही काळ भरवशाने चालला की मग मुख्य मास्टरवर हलवतात. ही रीत कुठल्याही प्रकल्पात लावण्यासारखी आहे.

नंतरही दोन प्रकार वेगळे ठेवा. डिस्क भरली, नेटवर्क गेलं, गिटने कोड उतरवलाच नाही, हे मेल तुमचे. बिल्ड किंवा टेस्ट फेल झाली तर मेल कमिट करणाऱ्यांना, आणि तोही हिरव्याचा लाल होताना एकदाच. मेलमध्ये पहिली एरर, होस्ट कंपायलरची आवृत्ती आणि संपूर्ण कॉन्फिगर कमांड द्या. तुमचं मशीन समोरच्याकडे नाही, त्याला एवढ्याच मजकुरावर काम करायचं आहे.

१२. सीकॅश वापरणं सुरक्षित आहे का? आणि दर वेळी कोरा बिल्ड करू की आधीचाच पुढे नेऊ?

पहिल्या फेरीसाठी (प्रश्न ८) सीकॅश, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइल साठवून पुन्हा देणारं साधन, बिनधास्त वापरा. होस्ट कंपायलर गोठवलेला असेल (प्रश्न ४) तर वेळ प्रचंड वाचतो.

दुसऱ्या फेरीत तिचा फायदा जवळजवळ नाही, कारण तिथला कंपायलर दर कमिटला बदलतो. धोका मात्र आहे. सीकॅश मुळात कंपायलरच्या बायनरीचा आकार आणि बदलाची वेळ एवढंच बघते. क्लँग शेअर्ड लायब्रऱ्यांसह (मुख्य बायनरीबाहेर वेगळ्या फाइलमध्ये असणाऱ्या) बिल्ड केला असेल तर ऑप्टिमायझर त्या लायब्ररीत असतो. तो बदलला आणि क्लँगची छोटी बायनरी तशीच राहिली, तर सीकॅशच्या लेखी काहीच बदललेलं नसतं आणि ती जुनीच ऑब्जेक्ट फाइल हातात देते. तुम्ही नवा कंपायलर तपासतोय असं समजता आणि तपासता जुनाच. दुसऱ्या फेरीत तिला बंद ठेवा.

आधीचा बिल्ड पुढे नेणं जलद असतं आणि बिल्ड फायलींमधल्या विसरलेल्या अवलंबनांच्या चुकाही त्यानेच सापडतात. दिवसभर तसं चालवा, रात्री एकदा कोरा बिल्ड करा.

१३. टार्गेटचं खरं हार्डवेअर माझ्याकडे नाही. क्रॉस-कंपायलर तपासता येईल का?

बराचसा येईल. (क्रॉस-कंपायलर म्हणजे एका मशीनवर चालून दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी कोड काढणारा.) फक्त कंपाइल करून असेंब्ली तपासणाऱ्या टेस्टना हार्डवेअर लागतच नाही, एलएलव्हीएमच्या फाइलचेकवर (आउटपुटमधला मजकूर ताडून बघणारं साधन) चालणाऱ्या बहुतेक टेस्ट अशाच आहेत. ज्यात प्रोग्रॅम खरोखर चालवायचा असतो त्यांच्यासाठी क्यूएमू या एम्युलेटरचा युजर मोड (दुसऱ्या प्रोसेसरचा एकच प्रोग्रॅम चालवणारा) वापरा. डेजाग्नूत त्यासाठी बोर्डची फाइल लिहावी लागते: प्रोग्रॅम कसा चालवायचा, किती वेळ थांबायचं, हेडर आणि लायब्रऱ्या कुठे आहेत.

क्यूएमूवर थ्रेडच्या टेस्ट बेभरवशाच्या असतात, आणि युजर मोडमध्ये पीट्रेस (एका प्रोसेसने दुसरीवर नजर ठेवायची सोय) चालत नाही म्हणून जीडीबीच्या टेस्ट तिथे नेहमीच्या पद्धतीने चालवता येत नाहीत. मेमरी मॉडेलबाबत तर विशेष जपा. एक्स८६ चा मेमरी क्रम आर्मपेक्षा कडक असल्यामुळे, कंपायलरने एखादा बॅरियर (मेमरीचा क्रम राखणारी सूचना) गाळला तरी एक्स८६ वरच्या क्यूएमूत टेस्ट पास होऊ शकते आणि खऱ्या आर्मवर फेल. एखाद्या टार्गेटच्या मागे मनापासून लागायचं असेल तर जीसीसीच्या कंपाइल फार्मसारख्या ठिकाणी खाते मागा. मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांसाठी तिथे अनेक प्रकारची मशीनं ठेवलेली आहेत.

१४. पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या अशी विनंती) कोणीही उघडू शकतो. त्याचा कोड माझ्या मशीनवर चालणं धोक्याचं नाही का?

आहे, आणि हा धोका खरा आहे. बिल्ड म्हणजे दुसऱ्याच्या स्क्रिप्ट चालवणं. कंपायलरच्या बाबतीत त्याने काढलेले प्रोग्रॅमही तुम्ही चालवता. सार्वजनिक रिपॉझिटरीला स्वतःचं मशीन जोडू नका असं गिटहब स्वतःच सुचवतं.

स्वतःच्या मशीनवर फक्त मुख्य शाखेत आलेले, म्हणजे कोणीतरी तपासून घेतलेले कमिट चालवा. पुल रिक्वेस्ट यंत्रणेने दिलेल्या, वापरून फेकायच्या मशीनवर जाऊ द्या. ते शक्य नसेल तर दर बिल्डला नवं व्हर्च्युअल मशीन, आत कुठलीही किल्ली किंवा पासवर्ड नाही, आणि घरच्या नेटवर्कपासून वेगळं. गिटहब ॲक्शन्समध्ये मूळ रिपॉझिटरीच्या अधिकारांनी चालणारा पुल रिक्वेस्टचा एक प्रकार आहे. त्यात बाहेरच्या माणसाचा कोड उतरवून बिल्ड केलात तर तुमची गुपितं त्याच्या हातात जातात.

१५. सॅनिटायझर लावून बिल्ड करू का?

करा, वेगळ्या वर्करवर. सॅनिटायझर म्हणजे प्रोग्रॅम चालतानाच मेमरीच्या वगैरे चुका पकडणाऱ्या तपासण्या. ॲड्रेस सॅनिटायझरने वेग साधारण निम्मा होतो, पण कंपायलरमधल्या मोकळ्या केलेल्या मेमरीला हात लावणाऱ्या चुका तो जागच्या जागी पकडतो. अनडिफाइन्ड बिहेवियरचा (भाषेच्या नियमांनी अर्थच न ठरवलेल्या कोडचा) सॅनिटायझर त्याच्यासोबतच चालतो. मेमरी सॅनिटायझर मात्र नवख्याने लगेच घेऊ नये: सी++ च्या लायब्ररीसकट सगळं त्याच सॅनिटायझरने बिल्ड केलेलं लागतं, नाहीतर खोट्या तक्रारींचा पाऊस पडतो.

१६. रँडम प्रोग्रॅम बनवून कंपायलर तपासतात असं ऐकलं. तेही यात घालू का?

घाला, पण त्यावर कोणाचा कमिट अडवू नका. युटा विद्यापीठातल्या सीस्मिथ या रँडम सी प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाने २०११ च्या शोधनिबंधापर्यंत सी कंपायलरमधल्या ३२५ हून अधिक नव्या चुका शोधल्या होत्या. पद्धत अशी: रँडम प्रोग्रॅम बनवा, वेगवेगळ्या पातळ्यांवर किंवा वेगवेगळ्या कंपायलरने बिल्ड करा, उत्तरं जुळतात का बघा.

रात्री मोकळ्या वेळात हे चालवा. सापडलेला प्रोग्रॅम हजारो ओळींचा असतो, तो सी-रिड्यूस किंवा सी-व्हाइजने लहान केल्याशिवाय बग नोंदवू नका. लहान करताना प्रोग्रॅममध्ये अनडिफाइन्ड बिहेवियर शिरत नाही ना, हे दर पायरीला सॅनिटायझरने तपासायला विसरू नका. ते शिरलं की उत्तरं न जुळणं ही कंपायलरची चूक उरतच नाही.

१७. कंपायलर हळू झाला हे आपोआप कळेल का?

घड्याळावरून कळणार नाही. सामायिक मशीनवर वेळ फार वरखाली होतो. त्याऐवजी पर्फ या लिनक्सच्या साधनाने किती इन्स्ट्रक्शन चालल्या ते मोजा. तो आकडा बराच स्थिर असतो आणि छोटासा बदलही त्यात उठून दिसतो. मोजणी मात्र असर्शन बंद ठेवलेल्या बिल्डवर करा, म्हणजे प्रश्न ५ मधल्या बिल्डपेक्षा वेगळ्या.

१८. विंडोज किंवा मॅकवर काय वेगळं?

विंडोजवर पाथची २६० अक्षरांची जुनी मर्यादा अजून आडवी येते, म्हणून बिल्ड फोल्डरचं नाव अगदी छोटं आणि ड्राइव्हच्या मुळाशी ठेवा. गिटला ओळींचे शेवट बदलू देऊ नका, फाइलमधल्या बाइटचं अंतर तपासणाऱ्या टेस्ट त्याने फेल होतात. अँटिव्हायरसला बिल्ड फोल्डर वगळायला सांगा, नाहीतर नुकतीच लिहिलेली बायनरी तो पकडून ठेवतो आणि लिंकरला ती पुन्हा लिहिता येत नाही. मॅकची नेहमीची फाइल सिस्टिम लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, त्यामुळे फक्त तेवढ्याच फरकाच्या दोन फाइल एकीवर एक लिहिल्या जातात.

१९. मशीनवरची सिस्टिम जुनी झाली आहे. अपडेट करू का? आणि वर्कर बंदच करायचा झाला तर?

अपडेट करा, पण एका वेळी एकच गोष्ट. आधी मुख्य शाखेचा एक हिरवा कमिट निवडून ठेवा. होस्ट कंपायलर बदलला की तोच कमिट पुन्हा चालवा आणि पास झालेल्यांची संख्या ताडून बघा (प्रश्न ७). मग पायथन, मग बाकीचं. सगळं एकदम बदललं आणि बिल्ड लाल झाला तर तो नव्या कमिटमुळे की तुमच्यामुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही. या काळात वर्कर स्टेजिंगवर हलवा.

बंद करायचा असेल तर आधी प्रकल्पाला कळवा आणि कॉन्फिगरेशनमधून त्याचं नाव काढणारा पॅच स्वतः पाठवा. नुसतं मशीन बंद केलंत तर यादीत तो ‘जोडलेला नाही’ म्हणून पडून राहतो, आणि त्या टार्गेटवर कोणीतरी लक्ष ठेवून आहे असा बाकीच्यांचा समज होतो. तुमच्या स्क्रिप्ट, आवृत्त्यांची यादी आणि बोर्डच्या फाइल त्या पॅचसोबत देऊन ठेवा. पुढे तेच हार्डवेअर घेऊन येणाऱ्याला प्रश्न ४ पासून सुरुवात करावी लागणार नाही.